बारावा आवाज

ती घटना आठवली, की आजही माझे कान आपोआप टवकारतात.

विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाची वर्षं होती. मी तेव्हा तिथल्या ठाण्यात फौजदार होतो. बोरीजवळची खडीची एक खाण कधीचीच ओस पडली होती. तिथे उद्यान आणि व्यासपीठ करायचं ठरलं. कातळावर झुडूपही नव्हतं, पण निमंत्रणपत्रिकेवर गुलाब छापून झाले होते. मात्र मंडपासाठी रोवलेले खांब वारंवार उपटलेले सापडत. वरून फोन आला, “नामांतरवाल्यांचं काम आहे. उचला.”

संशयित तयारच होता. बौद्ध वस्तीतल्या एका शिक्षकांनी अर्ज दिला होता : सुरुंगांच्या खुणा असलेली खाणीची भिंत तासू नका, ती आमच्या आईबापांनी फोडली, त्यांची दुसरी खूण गावात नाही. मी त्यांना सकाळपासून ठाण्यात बसवलं, आणि या वेळी खांब दोन हात खोल ठोका, असा हुकूम सोडला.

दुपारी शेळ्या राखणारी एक बाई आली. “सायेब, मास्तरला कामून बसवलं? खांब तर सुरुंगवाला बाबा उपटायलाय. भर उन्हात. तुमालाच दिसंना व्हय?”

बाबाला आणलं. खाण चालू असताना सुरुंग तोच उडवायचा.

“बाबा, खांबांनी तुमचं काय घोडं मारलं?”

“तिथं ठोकू नका, सायेब. खान बंद झाली तवा शेवटच्या पाळीला सुरुंगाची बारा भोकं भरली व्हती. आवाज अकराच झाले.”

“तेव्हाच सांगायचं.”

“सांगितलं की. मुकादम म्हनला, दोन एकदम वाजले असतील, तुझे कान गेलेत. वात म्या लावली, अन् मोजनार तो!”

शिक्षक बाकावरून उठले. “साहेब, आत्ता तिथं खांब ठोकायलेत ना?”

जीपला वीस मिनिटं लागली. रस्त्यावरचा प्रत्येक धक्का मला तो राहिलेला बारावा आवाज वाटला. पोचलो तेव्हा पहार वर गेलेली होती. मी ओरडलो. ती वरच थांबली.

न उडालेला सुरुंग त्या खड्ड्यापासून वीतभर अंतरावर निघाला. पुढे बॉम्बनाशक पथकाने खाण रिकामी करून तो जागीच उडवला. लांब बांधावर बसलेला बाबा म्हणाला, “बारा,” आणि धोतर झटकून घरी गेला.

ओसाड जागेची चौकशी तिथे राबलेल्या माणसापासून सुरू करावी, हे मी तिथे शिकलो. भाषणांत मात्र त्या खाणीला ‘निरुपयोगी खड्डा’च म्हटलं गेलं.

मी शिक्षकांची माफी मागितली. ते म्हणाले, “माफी राहू द्या. अर्जावर काहीतरी लिहा.”

मी शेरा मारला : ‘भिंत तासणे धोकादायक.’ भिंत आजही उभी आहे. त्यांच्या कारणाने ती वाचली नसती. माझ्या भीतीने वाचली.