हळदीवर चालणारं शहर

लेकरांनो,

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, "आजी, तुमचं शहर कशावर चालतं?" शाळेत एका शहराचे मुख्य उद्योग लिहून न्यायचे होते. तुमचे बाबा मागून म्हणाले, "हिंगोलीत कसले आलेत उद्योग? शेती लिहा आणि झोपा." तुम्ही शेती लिहिलंत. ते चूक नाही, अपुरं आहे. तुमचा प्रकल्प एव्हाना जमाही झाला असेल, तेव्हा हे गुणांसाठी नाही. तुमचे बाबा कॉलेजसाठी इथून गेले ते गेलेच. नंतर इथं जे उभं राहिलं ते त्यांनी पाहिलेलं नाही. ते सगळ्यात चांगलं सांगू शकली असती ती माझी मोठी जाऊ, पण ती या हिवाळ्यात गेली. आता सांगायला मीच उरले आहे, म्हणून लिहिते.

आमचं शहर हळदीवर चालतं. उन्हं तापायला लागली की मोंढ्याच्या, म्हणजे शेतमालाच्या बाजाराच्या, रस्त्यावर ट्रॅक्टरांची रांग लागते. हमालांच्या पापण्यासुद्धा पिवळ्या होतात, चहाच्या कपांच्या कडा पिवळ्या होतात. हळदीमागं बारदानाची दुकानं चालतात, दळायच्या गिरण्या चालतात, पॉलिशची यंत्रं, ट्रकवाले, टायरवाले, खानावळी चालतात. लग्नाच्या तारखासुद्धा लोक हळद विकली गेल्यावरच्या धरतात. पण मला ज्या उद्योगाबद्दल सांगायचं आहे तो मोंढ्यात नाही. कळमनुरीच्या रस्त्याला पत्र्याच्या शेडांमध्ये हळद शिजवायचे बॉयलर बनतात, तो.

जमिनीतून काढलेली हळद तुमच्या डब्यातल्या हळदीसारखी नसते. ती शिजवावी लागते, वाळवावी लागते, मग घासून चकचकीत करावी लागते. पूर्वी शेतातच मोठ्या लोखंडी कढईत शिजवत. कढई आपल्या चालीनं चाले. ती उकळेपर्यंत बायका सावलीत बसून निवडत: हळकुंडं एकीकडं, आणि जाडजूड जेठे गड्डे दुसरीकडं. हे गड्डे म्हणजे पुढच्या वर्षीचं बेणं. ते शिजवायचे नसतात, पाल्याखाली झाकून सावलीत ठेवायचे असतात. कढईला घाई नव्हती, त्यामुळं निवडणारणींनाही नव्हती.

आमच्या कढईला ठिगळ मारायला शहरातून एक कारागीर यायचे. आम्ही त्यांना भाई म्हणायचो. त्यांच्या आजोबांनी निजामाच्या काळात विहिरीच्या मोटा बनवल्या होत्या; त्यांनी स्वतः कढया, कोठ्या, ट्रॉल्या केल्या. तेलंगणाच्या बाजूला त्यांनी वाफेवर हळद शिजवायचं यंत्र पाहिलं आणि तसं एक स्वतः बनवायचं मनावर घेतलं. घरात होतं नव्हतं ते त्यात गेलं. त्यांच्या मोठ्या मुलाला पुण्याच्या कारखान्यात नोकरी मिळत होती. बापलेकांचं ठरलं होतं: बॉयलर चालला तर मुलगा इथं राहील, नाही चालला तर शेडला कुलूप लावून आखाडात तो पुण्याला जाईल.

पहिल्यांदा तो बॉयलर आमच्या शेतात आला, कारण दुसऱ्या कुणी येऊ दिला नाही. शेती माझी जाऊ पाहायची. मी शाळेत इंग्रजी शिकवायचे आणि सुटीत शेतावर जायचे. जाऊनं बॉयलरच्या टाकीभोवती एक फेरी मारली.

"भाई, हे फुटणार तर न्हाई ना?"

"अक्का, फुटलं तर आधी मी उडतो. मी जवळच उभा हाय."

"तुमी उडाल, मंग दुरुस्त कोण करंल?"

सगळे हसले आणि बॉयलर पेटला. चहाचे ग्लास गोळा व्हायच्या आत हळदीनं भरलेला पहिला ड्रम वाफेवर शिजून रिकामा झाला. गडी खूश झाले. ड्रम भरायचा, वाफ सोडायची, ओतायचा, परत भरायचा. निवडणाऱ्या बायका मागं पडल्या, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. जाऊ जेवणं आणायला घरी गेली होती. निवडलेला माल संपला, वाफ मात्र तयार होती. गड्यांनी जवळचा ढीग घमेल्यांनी उचलला आणि ड्रममध्ये टाकला. तो लिंबाखालचा ढीग होता, पाल्यानं झाकलेला.

जाऊ परत आली तेव्हा ताडपत्रीवर जेठे गड्डे वाफाळत पडले होते. ती टोपली खाली ठेवून तिथंच बसली.

"माझं बेणं," एवढंच म्हणाली. आमच्या शेतात बेणं कधी बाहेरून आणलेलं नव्हतं.

एक गडी म्हणाला, "अक्का, वाफ वाया चालली होती."

"वाफ वाया चालली म्हून घर शिजवता का रे?" मग माझ्याकडं वळून, "मास्तरीनबाई, शिजलेलं उगवायची काही सोय हाय का तुमच्या इंग्रजी पुस्तकात?"

भाईंनी वाफेची तोटी बंद केली. कढईवर अशी चूक कधी झाली नव्हती, होणंच शक्य नव्हतं. आता 'बॉयलरनं बेणं खाल्लं' ही गोष्ट कळमनुरीच्या बाजारापर्यंत पोचली की त्यांना कुणी बोलावणार नाही, हे तिथं प्रत्येकाला कळत होतं. सोबत आलेला भाईंचा मुलगा हळूच म्हणाला, "अब्बा, चलो, समेट लेते हैं."

"रुक," भाई म्हणाले. मग जाऊला, "अक्का, चूक माणसाची झाली, पर मशीन माझी हाय. मृगाच्या आधी बेणं आणून देतो."

"बाजारातलं मला न्हाई पायजे."

"बाजारातलं न्हाई. घराघरातलं आणतो."

ज्या ज्या घरच्या कढयांना त्यांनी ठिगळं मारली होती, त्या घरी ते गेले. आमच्याकडं बेणं कुणी असंच मागत नाही आणि कुणी असंच देत नाही. देणारा आधी कारण विचारतो. म्हणून जाऊनं मला त्यांच्यासोबत पाठवलं, आमच्या घरचं माणूस असावं म्हणून. औंढ्याकडच्या एका घरी म्हातारीनं विचारलंच.

"काहून? तुमचं बेणं कुठं गेलं?"

"शिजलं," भाई म्हणाले.

कीड लागली, सडलं, असं काहीही सांगता आलं असतं. मी गप्प राहिले असते. पण त्यांनी मान खाली घालून सगळं सांगितलं. म्हातारी पदर तोंडाला लावून हसत सुटली. तिचा मुलगा हसला नाही.

"म्हंजे बायांचं निवडून व्हायच्या आतच ड्रम रिकामा व्हत होता?"

"व्हय ना. तीच तर तकलीफ झाली."

"आमची कढई आठवडा आठवडा चालून राहते. आमच्याकडं कधी येता?"

पुढच्या घरी भाईंनी तीच हकिगत सांगितली, पण मान वर ठेवून.

अशी टोपली टोपली करून बेणं जमलं. ते वेगवेगळ्या गावांचं असल्यामुळं वेगवेगळ्या वेळी उगवलं, पानंही खालीवर. जाऊ बांधावर उभी राहून म्हणायची, "हे वावर हाय का एस्टी स्टँड?" पण तिनं ते कधी बदललं नाही. आखाड आला आणि गेला, भाईंचा मुलगा पुण्याला गेला नाही. पुढच्या हंगामात त्यांनी दुसरा बॉयलर केला. मग शेजारी आणखी शेडं आली, आणि आता इथले बॉयलर दुसऱ्या जिल्ह्यांतही जातात.

सगळंच चांगलं झालं असं नाही. सावलीत निवडत बसणाऱ्या बायकांचं काम घटलं. त्यांतल्या काही आता गिरणीत पाकिटं भरतात, काहींना तेही मिळालं नाही. वर्गात मी मोठ्या शहरांच्या उद्योगांवरचे धडे शिकवायचे. मुलं त्याचं उत्तर एका वाक्यात लिहायची आणि मी त्यावर बरोबरची खूण करायचे. त्या शहरांतही कुणीतरी कुणाच्या दारात उभं राहून झालेली चूक सांगितली असेल, असं मला तेव्हा कधी वाटलं नाही.

जाऊ आता नाही. भाई थकलेत, शेडच्या दारात खुर्ची टाकून बसतात. मुलगा शेड चालवतो. आमच्या शेतात ते मिसळलेलं बेणं अजून आहे. आणि भाईंच्या शेडचा बॉयलर कुणाच्याही शेतात गेला की त्यांची माणसं आधी विचारतात, "बेणं बाजूला ठेवलं का?" घरच्या बाईनं "ठेवलं" म्हटल्याशिवाय ती आजही काडी ओढत नाहीत.