मोठे गुरुजी आणि नव्या बाई

जगातलं निम्मं कुतूहल एकट्या आमच्या मोठ्या गुरुजींकडे होतं. उरलेलं बाकीच्यांनी वाटून घ्यावं. मोठे गुरुजी म्हणजे आमचे मुख्याध्यापक. तेर गावाच्या पुढं, एसटीचा फाटा सोडून आत गेलं की आमची शाळा. शिक्षक दोनच, ते आणि मी. निवृत्तीला आलेला माणूस एरवी पेन्शनच्या गोष्टी करतो. हे मात्र घंटा उलटी टांगली तर आवाज तसाच येतो का, ते बघायला शिडीवर! "बाई, शिडी धरा, लई महत्त्वाचं काम हाय," म्हणायचे आणि मी मुकाट्यानं धरायचे. दुसरं करणार काय? ह्या नादात डबा तसाच राहायचा. मग चौथीतली मुक्ता तो उघडून पुढ्यात ठेवायची. "गुरुजी, जेवा की आधी!"

अशा माणसाच्या हाती लोकवर्गणीतून आलेला टच पॅनल लागला. फळ्याएवढा पडदा, बोट लावलं की चित्र हलतं, प्रश्न विचारला की आतून एक बाई उत्तर देते. दिवसभर तिला प्रश्न विचारून संध्याकाळी गुरुजींनी निकाल दिला, "वर्गात शिकवतंय ते शिक्षकच. ह्या आपल्या नव्या बाई." आता नवीन शिक्षक रुजू झाला की आमच्याकडं सत्कार आलाच. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी सरपंचांच्या हस्ते पॅनलला शाल पांघरली, पुढं नारळ ठेवला आणि भाषण सुरू केलं. ते आवरेचना. शालीखाली पॅनल तापून तापून बंद पडला. सरपंचांच्या तोंडचं पाणी पळालं. गुरुजी शाल काढून पुठ्ठ्यानं वारा घालत म्हणाले, "उकडलं असंल हो. नवीन माणूस, सांगायला लाजतंय."

तेव्हापासून नव्या बाईंशी अहो-जाहो. मधल्या सुट्टीत पॅनल बंद, "त्यांनी बी जरा टेकावं की." आणि बाई चुकल्या तर गुरुजींना कोण आनंद! एकदा बाईंनी आमची तेरणा नदी भलत्याच जिल्ह्यात नेऊन सोडली. "कुठं चुकलं, हुडका रं," म्हणताच पोरं नकाशावर तुटून पडली. उत्तरं घोकणारी ही पोरं आता उत्तराचीच उलटतपासणी घ्यायला लागली होती. मी बघतच राहिले.

दिवाळी झाली आणि मुक्ता आईवडिलांबरोबर ऊसतोडीला निघाली. आदल्या वर्षी तिची थोरली बहीण अशीच गेली, ती परत शाळेत बसलीच नाही. गुरुजींनी ते मनाला लावून घेतलं होतं. त्यांनी मुक्ताच्या वडिलांकडून कबूल करून घेतलं, की रोज हजेरीच्या वेळी फोन लावायचा. इकडं गुरुजींचा फोन तिच्या जागेवर, दप्तराला टेकवून. नाव पुकारलं की फोनातून खणखणीत आवाज यायचा, "हजर गुरुजी!" शेजारच्या पोरी त्या फोनला आपली चित्रंसुद्धा दाखवायच्या.

मग एक दिवस फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आठवडा असाच गेला. शेवटी गुरुजी पॅनलसमोर उभे राहिले. "अहो बाई, आमची मुक्ता कुठं हाय?"

"माफ करा, मला समजलं नाही," बाई म्हणाल्या.

एरवी पोरं हसली असती. "ह्यांना न्हाय सांगता येत," गुरुजी म्हणाले. "आपणच जायला पायजे." आणि रविवारी एसट्या बदलत ते उसाच्या फडावर पोचले. वडिलांचा फोन पाण्यात पडून बंद झाला होता. पोरगी लहान भावाला खेळवत बसली होती. गुरुजींनी स्वतःचा फोन तिच्या हातात ठेवला आणि रिकाम्या खिशानं परत आले. सोमवारी मुक्ताच्या जागेवर माझा फोन. वाजला. "हजर गुरुजी!" मला तर बाई रडूच फुटलं.

हंगाम संपल्यावर मुक्ता आली ती थेट वर्गातच. फडक्यात गुंडाळलेला फोन पुढं करत म्हणाली, "गुरुजी, ह्यात बी आपल्या नव्या बाई हायत. म्या त्यांना रोज इचारलं, आमचे गुरुजी जेवले का? त्यांना काय सांगताच येईना."

गुरुजींनी फोन घेऊन खिशात ठेवला. "जेवलो की गं," एवढंच म्हणाले आणि स्वच्छ पॅनल पुन्हा पुसायला लागले.

आता ते निवृत्त होऊन घरी असतात. वर्गात मी आणि नव्या बाई. मुक्ता पाचवीत, फाट्यावरच्या शाळेत जाते. मधल्या सुट्टीत पॅनल बंद करून डबा उघडला, की मुक्ताचा तो प्रश्न मलाही पडतो. मग मी घास खाली ठेवते आणि गुरुजींना फोन लावते.