कृष्णेतली नाव आणि माझी एक थाप

दिवाळी होऊन चार दिवस झाले होते आणि मुंबईहून थोरले दीर-जाऊ सांगलीला आले होते. दुसरी मोठी लढाई संपली त्या सुमाराची गोष्ट... मी तेव्हा अठरा वर्षांची. आता नव्वदी कधीच ओलांडलीय. मी सांगतेय आणि नातसून मोबाईलवर लिहितेय.

मालतीताई, म्हणजे माझ्या जाऊबाई, मॅट्रिक झालेल्या. मोठ्याने हसायच्या, सासऱ्यांशी पेपरातल्या बातम्यांवर बोलायच्या. माझ्याशी दोन शब्द न बोलणाऱ्या सासूबाई त्यांच्या केसांना तेल लावून द्यायच्या... मी चुलीपुढून बघत बसायची. आतून नुसती जळायची.

भावजींना नदीत गळ टाकायची हौस. आमचे हे पेठेत हळदीच्या अडतीवर कारकून. हे घाटावर नावेचं विचारून आले, पण मुंबईचे पाहुणे म्हटल्यावर नाववाल्यांनी तोंडाला येईल तो भाव सांगितला. बेत बारगळलाच होता.

मग मी काशीला गाठलं. ती भोईण आमच्या दारी मासे घेऊन यायची, तिच्या नवऱ्याची स्वतःची नाव होती. "पैशाचं ऱ्हाऊ द्या वयनी," ती म्हणाली. "घावतील त्यातलं निम्मं मासं आमचं. आन् दोगांची भाकरी बांधून आना."

घरी सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "मालती आली की घरात कसं सगळं जमून येतं!" ...माझं नावसुद्धा नाही.

त्याच संध्याकाळी ताईंनी मला विचारलं, "इंदू, आपणही बसायचं ना नावेत?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आपल्या घरात बायका नावेत बसत नाहीत. सासूबाईंना खपत नाही."

साफ थाप होती. त्यांचा चेहरा पडला आणि मला... खरं सांगते, बरं वाटलं.

सकाळी सगळे घाटावर गेलो. सासूबाईसुद्धा आल्या. पुरुषमंडळी नावेत चढली, आम्ही दोघी पायरीवरच उभ्या. काशी ओरडली, "आवं, तुमी दोगीबी बसा की! जागा लय हाय."

"बस की गं मालती," सासूबाई म्हणाल्या. "मी नाही का बसत दरवर्षी पलीकडच्या जत्रेला जाताना? तुला कोणी अडवलंय?"

ताईंनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. आता त्या सांगणार, आणि उद्यापासून या घरात मी तोंड कसं दाखवू...

"कोणी नाही हो आई," ताई म्हणाल्या. "मलाच पाण्याची भीती वाटते. इंदू शेजारी बसली तर येईन."

सासूबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवून मला पुढे केलं. "जा गं, तिला धरून बस." लग्नाला दोन वर्षं झाली होती. माझ्या पाठीवर हात पहिल्यांदा पडत होता.

नाव धारेला लागली. भीती कसली... ताई काठावरून वाकून पाण्यात हात घालत होत्या, भावजींचा गळ स्वतः टाकत होत्या. हातभर मरळसुद्धा त्यांच्याच गळाला लागली! माझ्या गळातलं गांडूळ कोणीतरी खाऊन गेलं, बस्स. त्या क्षणीही हेवा वाटलाच... खोटं कशाला सांगू?

परत येताना घाट जवळ आला. पायरीवर सासूबाई उभ्या दिसल्या. तशी ताईंनी घाईघाईने माझा हात धरला, अगदी घट्ट, घाबरल्यासारखा. माझ्या कानाशी एवढंच म्हणाल्या, "नीट धर, नाहीतर आईंना खरं वाटायचं नाही."

मला तिथेच रडू फुटलं. सासूबाईंना वाटलं, मीच पाण्याला घाबरले...

ताईंना जाऊन पुष्कळ वर्षं झाली. मी कधी माफी मागितली नाही, त्यांनी तो विषय कधी काढला नाही. हेवा लगेच गेला असंही नाही... पण त्यानंतर त्या यायच्या म्हटलं की स्टँडवर सगळ्यांच्या आधी मी जाऊन उभी राहायची.