आईच्या गाडीची किल्ली

खाली कुणाची गाडी सुरू झाली की आई पर्स घेऊन दाराशी येते. "माझी किल्ली कुठाय गं?"

गेल्या महिन्यात ती गाडी घेऊन भाजीला गेली आणि चार तासांनी भलत्याच गावात सापडली. तेव्हापासून मी सांगते, "गाडी गॅरेजमध्ये आहे." ती ते विसरते. मला मात्र दिवसभर चैन पडत नाही. मला गाडी चालवायला शिकवलं तिनंच.

काल राहवलं नाही. म्हटलं, "आई, तू रस्ता विसरतेस. किल्ली मी लपवलीय."

तिनं पर्स खाली ठेवली. "बरं केलंस. मी मागितली तरी देऊ नकोस."

मला रडू फुटलं. तिनं पदरानं माझे डोळे पुसले आणि म्हणाली, "चल, किल्ली दे. उशीर होतोय."