खाऱ्या विहिरीतली मरळ

आमच्या गावाला देवाचा डोह होता, नदीच्या वळणावर, महादेवाच्या पायऱ्यांखाली. त्यातला मासा कुणी मारायचा नाही. तालुक्याचा साहेब दौऱ्यावर आला आणि त्याच्या शिपायानं गळ काढला, तरी पाटील हात जोडून आडवा उभा राहायचा. कारण डोहातला एकूण एक मासा कुणाच्या तरी नावाचा होता. पोर जन्माला आलं की बारशाला भोयाकडून वीतभर मासा आणायचा, पाठीवरच्या पंखात चांदीची बारीक तार ओवायची आणि पोराच्या नावानं पाण्यात सोडून द्यायचा. निजामाच्या मोगलाईत गावोगावच्या तऱ्हा वेगळ्या, ही आमची.

आमच्या पोराच्या नावाचा रोहू होता. पोर तिसऱ्या वर्षी तापानं गेलं आणि मासा राहिला. नंतर आम्हाला मूल झालं नाही.

बायको रोज ज्वारीच्या पिठाच्या गोळ्या घेऊन डोहावर जायची. मी लई चिडायचो. माशाला काय कळतंय अगं, म्हणायचो. ती गोळ्या टाकतच राहायची. पाण्यात तार चमकली की तिचा चेहरा जरा मोकळा व्हायचा, दिवसभरातून तेवढाच. ते बघून मला आणखी राग यायचा. कुणावर, ते देवालाच माहीत.

मग त्या साली पावसानं तोंड फिरवलं. डोह आटत आटत देवळाच्या अंगणाएवढा झाला, मग त्याहून लहान. माशांच्या पाठी उघड्या पडायला लागल्या. गोड्या पाण्याच्या विहिरीवाल्यांनी चक्क नाही म्हणून सांगितलं. माणसाला प्यायला नाही आणि तुमच्या माशांना कुठून देऊ, असं म्हणाले, आणि त्यात खोटं काय होतं? राहता राहिली आमच्या मळ्यातली विहीर. तिला पाणी उदंड, पण खारं. त्यात डाळ शिजायची नाही, अंघोळ केली तर अंगावर पांढरं उमटायचं, बैलसुद्धा तोंड लावून मान फिरवायचे. त्या पाण्यात कोणता मासा जगेल? भोयाला विचारलं तर तो म्हणाला, आम्हाला मारायचं ठावं, जगवायचं कुणी कधी सांगितलंच न्हाई.

तेव्हा आमचं आम्हीच बघायला लागलो. रांजणात डोहाचं पाणी घ्यायचं, त्यात मासे ठेवायचे आणि सकाळ-संध्याकाळ विहिरीचं एकेक तांब्या पाणी घालत जायचं. बारीक चंदेरी मासे लगेच उलटे व्हायला लागले, त्यांना माघारी नेऊन सोडलं. कटला टिकला. रोहू पहिल्या दिवशी मलूल होऊन तळाला बसला. बायकोनं आमच्या प्यायच्या घागरीतलं पाणी गुपचूप त्याच्या रांजणात ओतलं. मी बघून न बघितल्यासारखं केलं. चार दिवसांनी तो खाऱ्या पाण्यात शेपूट हलवायला लागला, आणि त्या दिवशी किती तरी महिन्यांनी तिनं मला जेवायला वाढताना आणखी घ्या म्हटलं.

आता कुणाबरोबर कुणाला ठेवायचं हा प्रश्न. मी देवळाच्या गुरवाला बजावून सांगितलं, शेवाळ खाणारे तेवढे न्यायचे. मरळ नाही आणि वामही नाही, ती दुसऱ्या माशांवर जगणारी. डोहात खडकाच्या कपारी होत्या, लहान मासा तिथं लपायचा. आमची विहीर बांधीव, चारी बाजूंनी गुळगुळीत चिरा. तिथं लपणार कुठं? गुरवाला पटलं. देवाच्या दारात भेद करायचा का, म्हणून तो जरा कुरकुरला, पण पटलं.

दुसऱ्या दिवशी खालच्या आळीतली एक म्हातारी आमच्या दारात येऊन बसली. डोहातली कोपरापर्यंत लांब मरळ तिच्या मुलाच्या नावाची. तो हैदराबादेला लष्करात गेलेला, कित्येक वर्षं त्याचा काही ठावठिकाणा नव्हता. मी म्हणालो, मावशे, ती बाकीच्यांना खाऊन टाकेल. म्हातारी म्हणाली, “खाईल की. उपाशी हाय ती.” आणि हलली नाही.

बायको आतून आली. मला वाटलं, ही तरी म्हातारीला घालवून देईल.

“घ्या तिची मरळ,” ती म्हणाली.

मी ओरडलो. डोकं फिरलंय का तुझं, म्हणालो. सगळी आळी गोळा झाली इतका ओरडलो. तिनं पुरं ऐकून घेतलं.

“आपला तर गेला. तिचा कुठं तरी असंल. त्याच्या नावाची चिखलात मरू द्यायची व्हय?”

एकेक माशामागं एकेक आई उभी होती. निवडायचं म्हणजे त्यांच्यातून निवडायचं, आणि ते काळीज माझ्यापाशी नव्हतं. तिच्यापाशी तर नव्हतंच.

मरळ आणली. मी सुतळीनं तुराट्यांची ताटी विणली, तिला खाली दगड बांधले आणि विहिरीत मधोमध सोडून पाण्याचे दोन भाग केले. अलीकडं मरळ, पलीकडं बाकीचे. काही दिवस बरं चाललं. बायको पायरीवर बसून गोळ्या टाकायची, रोहू वर यायचा. मीही तिच्याशेजारी बसायला लागलो होतो. आम्ही फार बोलायचो असं नाही, पण बसायचो.

खाऱ्या पाण्यानं सुतळी कुजली. ताटी कधी सुटली ते कळलं नाही. आधी दोन कटले दिसेनात. मग एका सकाळी रोहू वर आला नाही. दुपारपर्यंत हाका मारून तिचा घसा बसला. मी पाण्यात उतरलो, चिरा न् चिरा चाचपला. ताटीचा एक कोपरा हाताला मोकळा लागला, आणि पायाशेजारून ती मरळ गेली, संथ, पोट फुगलेली.

मी वर आलो, काठीला विळा बांधला आणि परत पायऱ्या उतरलो. तिचे तुकडे करून कुत्र्यांना घालायचे, एवढंच डोक्यात होतं. मरळ वरच होती, तोंड काढून हवा घेत होती. मी काठी उचलली, तर बायकोनं दोन्ही हातांनी ती धरली. तिच्या अंगात एवढं बळ कुठून आलं कोण जाणे.

“मारू नका. आता त्यो तिच्या पोटात हाय.”

मी काठी सोडली. ती पाण्याकडं बघत खाली बसली. तिनं पिठाची गोळी टाकली, मरळीनं ढुंकून बघितलं नाही. मग ती उठून मळ्यात गेली. गळ्यात माळ घातलेली बाई, घरात अंडं येऊ न देणारी. परत आली तेव्हा पदर मुठीत आवळलेला होता आणि आत काहीतरी तडतडत होतं. जिवंत नाकतोडे. तिनं एकेक पाण्यात टाकला. मरळीनं घेतला.

“आणखी धरून आणा,” ती मला म्हणाली, “त्याला भूक लागली असंल.”

मी गेलो. भर उन्हात त्या करपलेल्या ढेकळांतून वाकून वाकून नाकतोडे धरत फिरलो. त्या साली शेतात धरण्यासारखं दुसरं काही उरलंच नव्हतं.