मावशीच्या सहीचं पान

"चुकलं माझं," हे शब्द आमच्या मावशीच्या तोंडून मी जन्मात ऐकले नव्हते. भाजी खारट झाली तर चूक मिठाची, बस सुटली तर बसची. बावीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासून माणूस असाच होतो, असं माझी आई म्हणायची. छापखान्यात मावशीला सगळे 'चाळणी' म्हणत. सोळा पानांच्या प्रत्येक फर्म्यावर तिची सही झाल्याशिवाय यंत्र सुरू होत नसे. मी तिथेच बांधणीत होतो, त्यामुळे तिचा दरारा मला घरीदारी पुरायचा.

त्या वर्षी इंग्रजी शब्दांच्या मुळांचा कोश छापत होतो. संपादक मोठे विद्वान, आणि याबद्दल त्यांना स्वतःलाही शंका नव्हती. 'हम्बल'च्या पानावर दोघांची जुंपली. नम्र या अर्थाचा हा शब्द लॅटिनमधल्या मातीवरून, जमिनीवरून आला, इथवर ठीक. पण 'हम्बल पाय' (पाय म्हणजे आत सारण भरून भाजलेला इंग्रजी पदार्थ) 'खाणे', म्हणजे नाक मुठीत धरून माफी मागणे, हेही संपादकांनी त्याच मातीत घातलं होतं. मावशी सही करेना.

"तो पाय 'अम्बल्स'चा. अम्बल्स म्हणजे हरणाचं काळीज, आतडी वगैरे; ते घालून हा पदार्थ करायचे. मातीचा काय संबंध?"

"बाई, तुम्ही प्रुफं तपासा. विद्वत्ता माझ्याकडे राहू द्या."

तीन दिवस यंत्र बंद. चौथ्या दिवशी संपादकांनी जाडजूड ग्रंथ उघडले आणि मुकाट्याने ओळ बदलली. मालक इतके खूश झाले की पहिल्या तारखेपासून मावशीला तपासणीची प्रमुख करायचं ठरलं. त्या खुर्चीवर तिचा किती वर्षं डोळा होता, ते आम्हालाच ठाऊक.

दोनच दिवसांनी छापलेले जुने फर्मे चाळताना तिला 'डिमीन' दिसला. इंग्रजीत डिमीन दोन. एक फ्रेंचातून आलेला, वागणे या अर्थाचा. दुसरा 'मीन', म्हणजे हलका, या शब्दावरून बनवलेला. कमीपणा आणणे या अर्थाचा. संपादकांनी दोन नोंदी बरोबर केल्या होत्या. मावशीनेच त्या एक समजून जोडल्या, दुसऱ्याचं मूळ खोडलं आणि वर सही ठोकली. त्या फर्म्याच्या तीन हजार प्रती छापून तयार होत्या.

जेवताना तिने मला सांगितलं. मी म्हणालो, "पहिली तारीख तर जाऊ दे. कोण बघतंय?"

तिने असं पाहिलं की मी ताटात मान घातली.

सकाळी ती सगळ्यांदेखत संपादकांच्या टेबलाशी उभी राहिली. त्याच माणसापुढे!

"डिमीनची नोंद तुमची बरोबर होती. मी बिघडवली. चुकलं माझं. ते पान काढून नवं लावायला हवं."

संपादक खुर्चीत रेलले. हातात आयतं कोलीत आलं होतं. "बावीस वर्षांतली पहिलीच चूक वाटतं?"

"सापडलेली पहिली."

संपादकांनी मूळ नोंद काढून पुढे सरकवली. मालकांनी मात्र तिला सुनावलं, आणि खुर्चीचा विषय वर्षभर पुढे गेला. मावशीला वाईट वाटलं. फार वाटलं, आणि तिने ते लपवलंही नाही. त्याच दुपारी ती आमच्या बांधणीच्या खोलीत आली आणि छापून झालेले सगळे फर्मे स्वतःच्या टेबलावर मागितले.

"सगळे?" मी विचारलं.

"'ए'पासून," ती म्हणाली. "आणि नीट आण. पानं दुमडू नकोस."