शुभ बोल म्हणणाऱ्या घरात

"हार्ट फेल्युअर," डॉक्टर म्हणाले. म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे, त्यांनी समजावलं. रक्त ढकलण्याची त्याची ताकद कमी होते, मग अंगात पाणी साठतं. मीठ कमी करायचं, रोज सकाळी वजन करायचं, ते भराभर वाढलं तर लगेच यायचं.

आमचे हे सातपूरच्या कारखान्यात जन्मभर लेथवर उभे राहिलेले. बाहेर पडताच म्हणाले, "बंद नाही ना पडलं? चल, चहा घेऊ." मी म्हटलं, "तुमचं आता काही खरं नाही." त्यावर हसले. ते जन्माचे हसरे, मी जन्माची रडकी.

पंचवटीतल्या नणंदबाई भेटायला आल्या. "वहिनी, जरा शुभ बोला. आशेवर असणारी माणसं जास्त जगतात, मोबाईलवर आलंय. तुमच्या बोलण्याने दादा खचेल." तेव्हापासून घरात आजाराचं नावसुद्धा बंद. मीही जीभ आवरली. माझ्या तोंडाने खरंच त्यांचं आयुष्य कमी होत असेल तर, ही भीती पोटात होतीच.

हे तर डॉक्टरांपुढेही शुभच बोलायचे. "दम लागतो?" "छे, ठणठणीत!" वजनकाटा पलंगाखाली ढकलून दिला. झोपताना एका उशीच्या दोन झाल्या, मग तीन. पाय चपलेत जाईनात. शुभ बोल रे नाऱ्या म्हटलं, तर म्हणे मांडवाला आग लागली, अशी म्हण आहे. इथे मांडव खरंच पेटला होता आणि सगळे नाऱ्यालाच गप्प बसवत होते.

शेवटी तपासणीच्या खोलीत मी बोललेच. "डॉक्टर, हे खोटं सांगतायत. तीन उशांशिवाय झोपता येत नाही. पायावर बोट दाबलं की खड्डा पडतो." इको केला, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. त्याच दिवशी ॲडमिट करावं लागलं.

"आशावादी माणूस औषध घेतो, चालतो-फिरतो, त्याचा फायदा होतो," डॉक्टर मला म्हणाले. "पण यांनी नुसत्या आशेवर भागवलं. पाणी उतरेल. हृदय आता पूर्वीसारखं होणार नाही."

ज्यांच्या घरी हे दुखणं येईल त्यांना एवढंच सांगते, खुशाल हसा, पण काटा पलंगाखाली ढकलू नका.

वॉर्डात एका सकाळी यांनी माझा हात धरला. "डॉक्टर गोलगोल बोलतात. तू उगाच गोड बोलणारी नाहीस. सांग, मी कसा आहे?"

माझ्या मनात सगळं काळंच होतं. जन्मात पहिल्यांदा ते ओठांवर येईना.

"काही होत नाही तुम्हाला," मी म्हणाले. "ठणठणीत आहात."

माझा हात थोपटून ते म्हणाले, "तू शुभ बोलायला लागलीस, म्हणजे कठीण आहे."